पट्टी उतरवली, गाणं नाही सोडलं

मैत्रिणींनो, एखादी वयस्क गायिका टीव्हीवर दिसली की आपल्या घरात काय बोलणं होतं, जरा आठवून बघा. आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही... किती सुटली आहे... या वयात एवढा मेकअप कशाला... वेळेवर थांबायला हवं होतं बाई! साठीतला गवई मंचावर आला तर त्याच्या पांढऱ्या केसांत आपल्याला तपश्चर्या दिसते. साठीतली गायिका आली की आधी साडी, मग केसांचा रंग, मग चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि सगळ्यात शेवटी गाणं! आणि गंमत म्हणजे हे बोलणाऱ्यांत आपण बायकाच पुढे असतो.

म्हणून आज ओळख करून द्यायची आहे ती इजिप्तच्या उम्म कुलसुमची. तिला जाऊन पन्नास वर्षं उलटली, तरी कैरोच्या चहाच्या दुकानांत आणि टॅक्सींत तिचा आवाज अजून ऐकू येतो. अरबी बोलणाऱ्या सगळ्या देशांत तिला ‘पूर्वेचा तारा’ म्हणत. इजिप्तची साधी माणसं मात्र तिला नुसतं ‘अल-सित’ म्हणायची. सित म्हणजे बाई. आपण एखाद्या थोर गायिकेला आदरानं नुसतं ‘बाई’ म्हणतो ना, अगदी तसंच.

तिचा फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. घट्ट अंबाडा, पायघोळ झगा, कानात हिऱ्यांचे डूल, उजव्या हातात लांब रेशमी रुमाल आणि डोळ्यांवर काळा चष्मा. बघणाऱ्याला वाटतं, केवढा हा थाट! पण तो चष्मा थाटासाठी नव्हता. त्यामागे एक दुखणं होतं.

नाईल नदी समुद्राला मिळते त्या सुपीक भागात तमाय अल-झहायरा नावाचं एक खेडं आहे. तिथल्या मशिदीचे इमाम शेख इब्राहिम यांची ही धाकटी मुलगी. जन्मवर्ष कुठे १८९८ दिलेलं असतं, तर कुठे १९०४. खेड्यातल्या गरिबाच्या मुलीच्या जन्माची नीट नोंद कोण ठेवणार? पैगंबरांच्या एका मुलीचं नाव तिला ठेवलं होतं. वडिलांची मिळकत तुटपुंजी. चार पैसे जास्तीचे मिळावेत म्हणून ते लग्नाकार्यात, सणावारी धार्मिक गीतं गायला जात. थोरल्या मुलाला, खालिदला, ते घरी शिकवायचे आणि ही पोरगी कोपऱ्यात बसून ऐकायची. ऐकता ऐकता सगळं तिला पाठ झालं. एक दिवस वडिलांनी तिला गाताना ऐकलं आणि ते चकितच झाले.

पण मुलीनं चारचौघांत गायचं म्हणजे लोक काय म्हणतील? वडिलांनी तोडगा काढला. तिला मुलाचे कपडे घातले, डोक्याला बदाऊनी पद्धतीचं फडकं गुंडाळलं आणि गावोगाव न्यायला सुरुवात केली. त्या काळात बापलेकांचा हा ताफा कधी पायी, कधी गाढवावरून, कधी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून हिंडायचा. म्हणजे बघा, गाण्याच्या पहिल्या दिवसापासून प्रश्न गळ्याचा नव्हताच. ही मुलगी दिसते कशी, हा होता!

१९२३ च्या सुमारास हे कुटुंब कैरोला आलं. राजधानीत नाट्यगृहं होती, ग्रामोफोन कंपन्या होत्या आणि मुनीरा अल-महदियासारख्या नावाजलेल्या गायिका होत्या. तिथे ही खेड्यातली पोर मुलाच्या वेषात, भाऊ-वडिलांना साथीला घेऊन, वाद्यांशिवाय गायला उभी राहायची. आवाज ऐकून लोक थक्क व्हायचे आणि कपडे बघून हसायचे. टीकाकारांनी तिच्या गावंढळपणावर बोट ठेवलं.

दुसरी एखादी खचली असती. हिनं शिकायला घेतलं. श्रीमंत घरांत गाणं असलं की तिथल्या बायका कशा बसतात, कशा बोलतात, काय नेसतात, ते ती बारकाईनं बघायची. अहमद रामी हा पॅरिसला शिकून आलेला कवी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरीला होता. तो तिला कवितांची पुस्तकं आणून देई आणि ती वाचून काढी. फक्त गावच्या मक्तबमध्ये कुराण पाठ केलेल्या या मुलीनं अरबी काव्याचा असा अभ्यास केला की पुढे भल्याभल्या कवींना ती शब्द बदलायला लावू लागली. रामीनं तिच्यासाठी शंभराहून जास्त गाणी लिहिली. १९२६ मध्ये तिनं घरच्या साथीदारांऐवजी मोहम्मद अल-कसबगीसारखे नामवंत वादक घेतले आणि मुलाचा वेष कायमचा उतरवला.

त्याच सुमाराला एका नियतकालिकात तिच्याबद्दल बदनामीचा मजकूर छापून आला. वडील इतके दुखावले, की सगळं बिऱ्हाड उचलून गावी परत निघाले. हितचिंतकांनी समजूत घातली म्हणून ते थांबले. पण या प्रसंगानंतर उम्म कुलसुम सावध झाली ती कायमचीच. मुलाखती मोजक्याच, त्याही आपल्याला हव्या त्या माणसाला. घरातल्या गोष्टी बाहेर नाहीत. गाण्याचे कार्यक्रम ती स्वतः आयोजित करू लागली. नाट्यगृह भाड्यानं घेण्यापासून करारातल्या आकड्यांपर्यंत सगळं तिच्या हाती. व्यवहाराला ती कडक होती. पुढे संगीतकारांच्या संघटनेची अध्यक्ष म्हणूनही तिनं सात वर्षं काम पाहिलं.

१९३४ मध्ये इजिप्तचं राष्ट्रीय रेडिओ केंद्र सुरू झालं आणि १९३७ पासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल थेट प्रक्षेपित होऊ लागली. हंगाम साधारण नोव्हेंबर ते जून. रात्री दहाच्या सुमाराला मैफल सुरू व्हायची ती मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालायची. ज्यांच्या घरी रेडिओ नाही ते शेजारी जाऊन बसत, चहाच्या दुकानांत गर्दी करत. गाण्याची पद्धत आपल्या बैठकीच्या जवळची. श्रोत्यांनी दाद दिली की तीच ओळ पुन्हा, पण दर वेळी वेगळ्या अंगानं. एकेक गाणं तासतासभर चाले. श्रोत्यांच्या त्या तल्लीन अवस्थेला अरबीत ‘तरब’ म्हणतात. हातातला रुमाल मात्र सुरुवातीला घबराटीपायी आला होता, असं सांगतात. हजारो लोकांसमोर उभं राहिलं की तिच्या हाताला काहीतरी धरायला लागायचं.

मधल्या काळात तिनं सहा चित्रपटही केले. १९३६ चा ‘विदाद’ पहिला आणि १९४७ चा ‘फातमा’ शेवटचा. पण स्टुडिओतल्या प्रखर दिव्यांनी तिचे डोळे सुजायचे, चुरचुरायचे. चित्रपट सोडण्यामागे हे एक मोठं कारण होतं.

मग आलं १९४६. हे वर्ष आणि त्यानंतरची काही वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट. राजा फारूखचे मामा शरीफ सबरी पाशा यांच्याशी तिचं लग्न ठरत होतं. राजघराण्यानं विरोध केला. गाणारी बाई घरात कशी आणायची? लग्न मोडलं. ज्या राजानं १९४४ मध्ये तिला राजघराण्यातल्या स्त्रियांसाठी असलेला बहुमान दिला होता, त्याच घराण्याला ती सून म्हणून चालली नाही! सत्कार करायला चालते, उंबरठ्याच्या आत चालत नाही... ही गोष्ट फक्त इजिप्तची नाही, हे मी सांगायला नको. त्या धक्क्यात तिनं एका संगीतकाराशी घाईनं लग्न केलं, ते काही दिवसांतच मोडलं. १९४७ मध्ये आई गेली. वडील १९३२ मध्येच गेले होते.

आणि याच काळात थायरॉइडनं डोकं वर काढलं.

थायरॉइड हा शब्द आज आपल्या घराघरांत माहीत आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम येतो, वजन उतरतं, झोप उडते, जीव कासावीस होतो. काहींचे डोळे खोबणीतून पुढे आल्यासारखे दिसू लागतात, उजेड सहन होत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतो. उम्म कुलसुमचे डोळे असेच झाले. जिचा चेहरा देशातल्या प्रत्येक भिंतीवर होता, तिचाच चेहरा आजारानं बदलायला घेतला. शिवाय मन उदास. ती निराशेच्या गर्तेत गेली होती, हे तिच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवलं आहे.

यातला खरा पेच पुढेच आहे. थायरॉइडवर एक इलाज म्हणजे शस्त्रक्रिया. पण ही ग्रंथी स्वरयंत्राला अगदी खेटून असते आणि आवाजाच्या नसा तिच्या मागूनच जातात. त्या नसेला जरा धक्का लागला तर आवाज बसतो, घोगरा होतो, वरचे सूर जातात. तुमच्या-माझ्यासारखीला हा धोका परवडेल. जिच्या गळ्यावर घर चालतं, वादकांचे संसार चालतात आणि सगळा देश कान लावून बसलेला आहे, तिनं काय करावं? जीव वाचवावा की आवाज? ती उपचारांसाठी परदेशी गेली. १९४९ मध्ये अमेरिकेला आणि पुन्हा १९५३ मध्ये. त्या वेळी मेरीलँड राज्यात बेथेस्डा इथे नौदलाचं मोठं रुग्णालय होतं, तिथे तिच्यावर उपचार झाले. आवाज वाचला. डोळे मात्र पूर्ववत झाले नाहीत.

मग तिनं काळा चष्मा लावला. लपवण्यासाठीच लावला, यात शंका नाही. पण लावला तो असा, की लोकांना ती लपवाछपवी वाटलीच नाही. अंबाडा, रुमाल, झगा, तसाच चष्मा. काही वर्षांत तो तिची खूणच बनला. व्यंगचित्रकारानं नुसता चष्मा आणि अंबाडा काढला तरी लोक ओळखायचे. आजारानं दिलेल्या वैगुण्याचं तिनं स्वतःच्या ओळखीत रूपांतर केलं.

हे सगळं मला कौतुकाचं वाटतं, तरी त्यातला काच विसरता येत नाही. वडिलांनी मुलाचे कपडे घातले ते लोकांसाठी. कैरोत नवे कपडे घेतले तेही लोकांसाठी. आणि पन्नाशीच्या आसपास आजारी असतानाही चेहरा झाकायचा तो लोकांसाठीच. आपल्याला बरं नाही, हे मोकळेपणानं सांगायची सोय तिला नव्हती. वर्तमानपत्रांत तिच्या तब्येतीच्या बातम्या यायच्या, पण तिच्या मनाचं काय चाललंय हे कुणी विचारलं नाही.

१९५४ मध्ये तिनं डॉ. हसन अल-हिफनावी यांच्याशी लग्न केलं. ते डॉक्टरच होते, त्यामुळे तिचा आजार त्यांच्यापासून लपवायचा प्रश्नच नव्हता. हे लग्न शेवटपर्यंत टिकलं. मूल झालं नाही. उम्म या शब्दाचा अर्थ आई. मुलं नसलेल्या या बाईला सगळा देश आयुष्यभर त्या नावानं हाक मारत राहिला.

या आजारपणात गाणं कमी झालं होतं. तोवर काळही बदलला होता. रेडिओवर, चित्रपटांत अब्देल हलीम हाफेझसारखे तरुण गायक आले होते. तिचं वय पन्नाशीच्या पुढे. आवाजही उतरला होता. वयानुसार, विशेषतः पाळी गेल्यानंतर, बाईचा आवाज थोडा खाली येतो, जड होतो. हा शरीराचा धर्म आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आता तिच्यापुढे तीन वाटा होत्या. जुनीच गाणी जुन्याच पट्टीत ओढूनताणून गायची आणि लोकांची कीव घ्यायची. नाहीतर सन्मानानं निवृत्त व्हायचं. तिसरी वाट कठीण होती आणि तिनं तीच धरली. आवाज आहे तसा मान्य केला आणि त्या आवाजाला शोभेल असं नवं गाणं शोधलं.

पट्टी खाली घेतली. पूर्वी एका मैफिलीत तीन गाणी व्हायची, ती पुढे दोनवर आणली आणि मध्ये विश्रांतीला वेळ ठेवला. गायच्या आधी वाद्यांचा भाग लांबवला, म्हणजे गळ्यावर ताण कमी. आणि मुख्य म्हणजे तरुणांकडे हात पुढे केला. १९६० मध्ये तिनं बलीग हमदी या विशीतल्या संगीतकाराची चाल गायली. मुलासारख्या वयाच्या माणसाकडून चाल घेऊन बसायला केवढं मोठं मन लागतं! १९६४ च्या फेब्रुवारीत तर तिनं अनेक दशकांचा प्रतिस्पर्धी मोहम्मद अब्देल वहाब याच्याबरोबर ‘इंता ओमरी’ हे गाणं केलं. त्यात इलेक्ट्रिक गिटार होती. जुन्या वळणाच्या लोकांनी नाकं मुरडली, पण ते तिच्या सगळ्यात लोकप्रिय गाण्यांपैकी एक ठरलं. तेव्हा ती साठीला टेकली होती किंवा ओलांडून गेली होती.

आणखी एक गंमत. इजिप्तमध्ये टीव्ही आला १९६० मध्ये. म्हणजे तिच्या ज्या मैफिली आज आपण चित्रफितींत बघतो, त्या बहुतेक साठीच्या आसपासच्या आणि पुढच्या आहेत. स्थूल झालेली, चष्मा लावलेली, भारदस्त बाई. लोकांच्या डोळ्यांत तिचं जे रूप कायमचं बसलं, ते तरुणपणीचं नाहीच!

१९६७ च्या जूनमध्ये इजिप्त युद्ध हरला. देशाचं मनोधैर्य खचलं होतं. प्रकृती साथ देत नसतानाही ती देशासाठी निधी जमवायला बाहेर पडली. ट्युनिशिया, मोरोक्को, कुवेत, सुदान, लेबनॉन... त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पॅरिसच्या ऑलिंपिया नाट्यगृहात ती गायली. तिथे एक चाहता भान हरपून मंचावर चढला, पायाला हात लावायला गेला आणि बाई तोल जाऊन पडली. प्रेक्षागृह हादरलं. ती उठली, झगा सारखा केला आणि पुढची ओळ घेतली. या दौऱ्यांतून जमलेली वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम तिनं देशाला दिली.

पण शरीर हिशेब ठेवत होतं. सत्तरीच्या दशकात मूत्रपिंडाचं दुखणं बळावलं. १९७२-७३ च्या हंगामात मैफिली थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. परदेशी उपचार झाले, घरी विश्रांती झाली. तिनं आता आराम करावा असं सगळे म्हणायचे आणि पुढची मैफल कधी, असंही तेच सगळे विचारायचे. लोकांचं प्रेम असं दोन्ही बाजूंनी ओढतं.

३ फेब्रुवारी १९७५ रोजी कैरोत तिचं निधन झालं. बाहेरदेशीच्या पाहुण्यांना येता यावं म्हणून दफन लांबणीवर टाकलं, एरवी तिथे असं करत नाहीत. रस्त्यावर लाखो लोक आले. ओमर मक्रम मशिदीपासून ठरवलेला सरकारी बेत बाजूलाच राहिला. लोकांनी तिचा जनाजा अधिकाऱ्यांच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतला आणि हातोहात, तासन्‌तास शहरभर फिरवत, त्यांच्या श्रद्धेच्या अल-हुसैन मशिदीत नेला. रिकाम्या पोटी गावोगाव हिंडलेल्या इमामाच्या मुलीची ही शेवटची यात्रा.

२००१ मध्ये कैरोत नाईलच्या काठी तिचं संग्रहालय उघडलं. तिथे तिचे झगे आहेत, रुमाल आहे आणि काचेच्या पेटीत तो हिरे जडवलेला काळा चष्मा आहे. २०१९ पासून प्रकाशाच्या तंत्रानं तिची त्रिमिती प्रतिमा मंचावर उभी करून कार्यक्रमही झाले. त्या प्रतिमेला ना थायरॉइड, ना दुखरं मूत्रपिंड, ना वय. आपल्याला गायिका बहुधा अशाच हव्या असतात!

समाजकार्याच्या निमित्तानं मी गावोगावच्या महिला भजनी मंडळांत जाते. सगळीकडे एक गोष्ट दिसते. पन्नाशी ओलांडली की चांगल्या गाणाऱ्या बायका मागच्या रांगेत जाऊन टाळ वाजवतात. का हो, गात का नाही? तर आता आवाज चढत नाही, पोरीबाळींसमोर हसू होतं. पेटीवाल्याला सांगून दोन सूर खाली घ्या की! बाळंतपण, पाळी, थायरॉइड, बीपी, सगळं सोसलेल्या आवाजात जे येतं ते अठराव्या वर्षी येत नसतं.

आणि दुसरं. गळ्यावर सूज दिसली, आवाज बसून राहिला, छाती धडधडू लागली, वजन कारण नसताना घटलं किंवा वाढलं, तर पदराखाली झाकू नका. थायरॉइडची तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते, गोळ्यांनी बहुतेकींना आराम पडतो. उम्म कुलसुमला त्यासाठी समुद्र ओलांडून जावं लागलं होतं. आपल्याला तालुक्याच्या गावापर्यंत जायचं आहे. पुढच्या भजनाच्या दिवशी मागच्या रांगेतल्या काकूंना पुढे बसवा, पट्टी उतरवा आणि त्यांना सुरुवात करू द्या.